एक जुलैची पोरं

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मंडळी वैशाली नगरात माझ्या घरी आली, तेव्हा मी वांगी फोडणीला टाकत होते. "बाई, शाळेच्या आठवणी लिहा, नव्या पिढीला काही प्रेरणा मिळेल असं," म्हणाले. म्हटलं, प्रेरणा वगैरे माझ्याकडे नाही बाप्पा. जन्मभर खडू घासला आणि पोरांवर ओरडले. लिहायचंच झालं तर मी स्वतःच्या हाताने केलेल्या एका खोट्या नोंदीबद्दल लिहीन, चालत असेल तर सांगा. त्यांच्यातला एक माझ्या हातचा मार खाऊन मोठा झालेला. तो हसला आणि म्हणाला, "बाई, एक जुलै?"

म्हटलं, हो, एक जुलै.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना आधी आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत आमची शाळा म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड होती. सेक्टर सहातली पक्की इमारत नंतरची. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की बारानंतर पोरांना झाडाखाली न्यावं लागे. माझं वय एकोणीस, दुर्गला रेल्वे क्वार्टरात राहायचे, वडील पॉइंट्समन. सायकलवरून यायचे तर रस्त्यातली माणसं थांबून बघायची. अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी पहिल्याच आठवड्यात दाखल-खारिजचं रजिस्टर माझ्या गळ्यात बांधलं. शाळेत नाव घातलं की पोराची नोंद त्यात व्हायची. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. ती जन्मतारीख पुढे आयुष्यभर चालते. सर्टिफिकेट त्यावरून, नोकरी त्यावरून, रिटायरमेंटसुद्धा त्यावरूनच.

आणि ही तारीख कोणालाच ठाऊक नसायची. पंजाबचे, आंध्रचे, ओडिशाचे, भंडारा-नागपूरकडचे, गावोगावचे लोक कामाला आलेले. विचारलं, पोरगं कधी झालं, की उत्तर यायचं, "मोठा पूर आला ना, त्याच्या मागच्या पोळ्याले." कोणता पूर? कोणाच्या नदीचा? मग आम्ही पोराला डोक्यावरून उजवा हात डाव्या कानाला लावायला सांगायचो. लागला तर सहा वर्षांचा, नाही लागला तर पुढच्या साली आण. थोडी मोठी असली तर दात बघायचे. वर्षाचा असा अंदाज बांधला की दिवस आणि महिना आम्ही आमच्या सोयीचा टाकायचो. शाळा जुलैत उघडायची, म्हणून एक जुलै. माझ्या रजिस्टरात पानंच्या पानं एक जुलै आहेत.

त्यात आणखी एक होतं, आणि ते मी आता स्पष्ट लिहिते, कारण आता माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही. आम्ही वय कमी लिहायचो. पोरं उशिरा शाळेत येत, वर्गाच्या मानाने घोडी झालेली. नियमाने त्यांना घेता येत नसे. मग लेखणी जरा आखडायची. शिवाय बाप लोक कानात सांगायचे की वय कमी लिहा, नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतील. आम्हाला वाटायचं आपण पुण्यच करून राहिलो.

नत्थूजी मेश्राम आपल्या पोरीला, सुमनला, घेऊन आला तो दिवस मला लख्ख आठवतो. ठेकेदाराकडे मजूर होता, सुपेल्याच्या बाजूला मजुरांच्या झोपड्या होत्या तिथे राहायचा. गाव आमगावपासून दोन कोसावर. पांढरा स्वच्छ सदरा घालून आला होता, बहुतेक उसना असावा, कारण बाह्या लांब होत्या. पोरगी उंच, काटकुळी, माझ्या टेबलावरची दौत टक लावून बघत उभी. गावात दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणजे इथे तिसरीत घ्यायची.

"वय किती?" मी विचारलं.

"अकरावं सरत आलं, बाई."

तिसरीला नवाच्या वर घेत नसत. मी सुमनला एक पान वाचायला दिलं. तिने एका दमात वाचलं आणि पान उलटून पुढचंही सुरू केलं. अशी पोरगी परत पाठवायची म्हणजे काय! मी रजिस्टरात नऊ वर्षांच्या हिशेबाने एक जुलै टाकली. नत्थूजीला वाचता येत नव्हतं, पण तो माझ्या बोटांकडे बघत होता.

"किती लिवलं बाई?"

"नऊ."

तो घाबरला. "दोन वर्सं कमी? तिचं खरं वय लिवा ना. खोट्याचं पाप नाई का लागत?"

मी तेव्हा फार शहाणी होते. हसले आणि म्हटलं, "लागलं तर मला लागेल, तुम्हाला नाही. जा, पाटी आणा तिला."

पुढची सहा वर्षं ती माझ्याच डोळ्यांसमोर वाढली. वर्गात पहिली, माझ्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात पहिली यायची आणि शेवटी जायची. माझा राग तेव्हाही असाच होता, पोरं मला मागून 'फर्नेस' म्हणत, म्हणजे कारखान्यातली भट्टी. मला ठाऊक होतं, मी मुद्दाम ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे. सुमन मात्र माझ्या रागाला कधी घाबरली नाही. गणित चुकलं की ओरडा खायची आणि म्हणायची, "झालं बाई? आता सांगा कावून चुकलं ते." अशा पोरीपुढे राग टिकतो का?

ती नववीत गेली त्या पावसाळ्यात नत्थूजी कामावर उंचावरून खाली पडला. जीव वाचला, कमरेखालचं गेलं. ठेकेदाराने झोपडी रिकामी करायला सांगितली, कारण कामावर माणूस नाही तर झोपडी कशाला? सुमनचा मामा गावाहून आला आणि त्याने दोन दिवसांत सगळं ठरवूनही टाकलं. भाऊजी, बहीण, सगळ्यांना गावी न्यायचं आणि सुमनचं लग्न लावायचं. मुलगा म्हणजे दोन लेकरांचा बिजवर. येत्या रविवारी पाहुणे येणार.

सुमन माझ्याकडे आली ती रडत नव्हती. तिने कारखान्याच्या हॉस्पिटलचा एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. नर्सिंगच्या ट्रेनिंगला मुली घेणार होते. राहायला होस्टेल, महिन्याला थोडेफार पैसे, आणि पुढे पक्की नोकरी. आठवी पास हवी, ती होती. वय सतरा पूर्ण हवं. माझ्या रजिस्टरप्रमाणे तिला नुकतं सोळावं लागलं होतं.

"मामा म्हणते, नोकरीले लहान हाये अन् लगनाले मोठी हाये," ती म्हणाली. "बाई, मी खरी किती वर्साची हाव?"

तिचे शब्द साधे होते, पण विचारत होती ती मलाच, आणि उत्तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. मॅट्रन केरळच्या होत्या, उंच, कडक, बोलणं मोजून. त्यांच्यापुढे आमच्याच शाळेच्या चार-पाच मुलींचे अर्ज पडले होते. एक एक उलटत त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपके स्कूल में सब बच्चे एक ही दिन पैदा होते हैं क्या?"

म्हटलं, या मुलीची नोंद चुकली आहे, चूक माझी आहे. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, जन्माचा सरकारी पुरावा आणा, आणि ज्याने नोंद केली त्याचा लेखी जबाब आणा, हेडमास्तरांच्या सहीसकट. शनिवारी दुपारी चारपर्यंत. चार वाजता यादी बंद.

तो बुधवार होता.

सुमनच्या जन्माचा सरकारी पुरावा म्हणजे एकच, कोतवाल बुक. आमच्या तिकडच्या गावांत कोणी जन्मला की मेला, त्याची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा आणि महिन्याला पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायचा. जुन्या वह्या ठाण्यातच जमा होत. आणि सुमनच्या गावचा त्या काळचा कोतवाल होता तिचाच आजा, सोमाजी. पण नत्थूजीने कॉटवर पडल्या पडल्या मान हलवली. "बाप माहा अंगठाबहाद्दर होता बाई. गावच्या मास्तरकडून लिवून घ्याचा. घरच्या पोरीचं लिवलं का नाई, आता कोन सांगन?"

गुरुवारी मी हेडमास्तरांकडे एक दिवसाची रजा मागायला गेले आणि कशासाठी ते सांगितलं. जबलपूरकडचे होते, मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"बहनजी, एक लाइन काटोगी तो पूरा पन्ना कटेगा," ते म्हणाले. "त्या पानावरची किती पोरं आज अॅप्रेंटिस आहेत, ठाऊक आहे ना तुम्हाला? एक खोटं कबूल केलं की वरचे म्हणतील सगळं पान तपासा. कोणाचं वय वाढेल, कोणाची नोकरी जाईल. आणि तुमची तर पहिली जाईल."

ते बोलत होते ते सगळं खरं होतं. त्या पानावरचं एक एक पोर मला तोंडपाठ. कोणाचा बाप टीबीने गेलेला, कोणाच्या घरात खाणारी सात. सुमनला वाचवायचं म्हणजे या सगळ्यांना उघडं पाडायचं की काय? आणि नाही वाचवायचं, तर रविवारी पाहुणे येणार होते. त्या दिवशी मला माझ्या सुंदर अक्षराचा खरोखर संताप आला. शेवटी त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली. जबाबाचं शनिवारी बघू म्हणाले.

शुक्रवारी पहाटेच्या पॅसेंजरने मी आणि सुमन निघालो. ती आदल्या दिवशी माझ्याच घरी मुक्कामाला होती, माझ्या आईने तिला भाकरी-चटणी बांधून दिली. डोंगरगड मागे पडलं. आमगावला उतरलो आणि चिखलातून दोन कोस चालत गेलो. माझी एक चप्पल चिखलात राहिली, ती काढायलाही मी थांबले नाही.

सोमाजीबुवा अंगणात दोरी वळत बसले होते. सुमनने पाया पडून सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने दोरी बाजूला ठेवली, आत जाऊन धोतर बदललं, फेटा बांधला, काठी घेतली. आम्हाला पाणी विचारायच्या आधी म्हणाले, "चाला. कोतवालीच्या वया ठाण्यात हायेत."

"पन आबा, तुमी माही नोंद केली होती का?" सुमनने विचारलं.

म्हातारा रागावला. "काय इचारते वं? पाटलाच्या घरी पोट्टं झालं तं लिवाचं, अन् आपल्या घरी झालं तं नाई लिवाचं?"

पुन्हा दोन कोस, उलटे. ठाणं स्टेशनाजवळच होतं, म्हणजे आम्ही सकाळी त्याच्या समोरूनच गेलो होतो. आमची गाडी चारची. पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मुन्शी जेवून आलेला, सुस्तावलेला. म्हणाला, जुन्या वह्या कोठीत पडल्या आहेत, कोणत्या साली काय ते कोणाला ठाऊक, सोमवारी या. मी माझं नेहमीचं सुरू करणार होते, फर्नेस पेटायलाच आली होती, पण सोमाजीबुवांनी हात वर केला. "मुन्शीजी, कोठी उघडा. म्याच हुडकतो."

"तुम्ही? वाचता येते का तुम्हाले?"

"नाई येत. पन वया माह्या हायेत."

आणि मग मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. कोठीत वह्यांचा ढीग, वाळवीचा वास. म्हातारा खाली बसला आणि एक एक गठ्ठा हाताने चाचपू लागला. त्याने आपल्या प्रत्येक वहीला घरच्या फाटक्या कापडाचं वेष्टन शिवलं होतं, पावसात भिजू नये म्हणून. कोणत्या वहीला कोणतं कापड, ते त्याला पाठ. "हे माह्या धोतराचं, हे दुष्काळाचं साल. हे नत्थूच्या लगनातल्या चादरीचं." शेवटी एक हिरवी वही काढून छातीशी धरली. "हे तिच्या आजीच्या लुगड्याचं. यातच हाये."

मुन्शीने पानं उलटायला सुरुवात केली. नत्थू सोमाजी, मुलगी. सापडलं! नवजात पोराचं नाव त्या वहीत नसायचं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. मुन्शीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "एकोणीस पूर्ण. झालं तुमचं काम, लिहून देतो."

माझा जीव भांड्यात पडला. सतराच्या ठिकाणी एकोणीस, कोणाला शंकाच येणार नाही. मी "लिहा" म्हणणारच होते.

"नोय," म्हातारा म्हणाला. "ते ही नोय. ते मेली. पुढं पाहा, मौतीच्या नोंदीत हाये."

खरंच होती. चार महिन्यांची मुलगी, तापाने. सुमनला आपली मोठी बहीण होती हे त्या कोठीत पहिल्यांदा कळलं. मुन्शी वैतागून म्हणाला, "बुवा, काय फरक पडते? पोरीचं काम होऊन राहिलं ना?"

"तिचं वय हिले कावून देता?" म्हातारा म्हणाला. "ते बी माह्याच घरची पोट्टी होती. तिची तेवढीच नोंद हाये जगात."

मला लाज वाटली. अगदी सरळ सांगते, मला लाज वाटली. मी अकरा इयत्ता शिकलेली, टीचर ट्रेनिंग केलेली, शाळेत अक्षराची वाखाणणी होणारी. माझ्या पानावर खरी तारीख एकही नव्हती. आणि या माणसाला अ काढता येत नव्हता, पण त्याने उभ्या जन्मात एका जिवाची नोंद दुसऱ्याच्या नावाने केली नव्हती.

मुन्शी पुढे पानं उलटत राहिला. दीड-दोन वर्षांची पानं संपत आली. मी मनातल्या मनात हिशेब लावत होते. नत्थूजीने सांगितलेलं अकरावं सरत आलं, म्हणजे नक्की किती? महिनाभर इकडेतिकडे झालं की सगळं फुकट. खरी तारीख सापडली आणि ती सतराच्या चार दिवस आत निघाली तर? तर मी काय करणार होते, ते मला आजही सांगता येत नाही.

"नत्थू सोमाजी, मुलगी," मुन्शीने वाचलं. वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर. तारीख वाचली. मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. सुमनने माझ्या आधी तोंडी हिशेब केला, शेवटी माझ्याच हाताखालची पोरगी ती.

"सतरा वर्सं अन् एकोणीस दिवस," ती म्हणाली. "उद्यापर्यंत."

नक्कल लिहून झाली, पण शिक्का आणि सही ठाणेदाराची लागणार, आणि ठाणेदार कुठल्याशा गावी चौकशीला गेलेला. तीन वाजले. साडेतीन झाले. मी ओट्यावर फेऱ्या घालत होते, सोमाजीबुवा काठीवर हनुवटी टेकून रस्त्याकडे बघत होते. पावणेचारला ठाणेदाराची सायकल दिसली. त्याने चिखलाचे पाय धुतले, पाणी प्यायला, पान लावलं, आणि मग सही केली. आम्ही धावत स्टेशनात आलो. गाडी तासभर लेट होती! रेल्वेवाल्याची पोरगी असून मी आयुष्यात पहिल्यांदा लेट गाडीला हात जोडले.

शनिवारी सकाळी हेडमास्तरांसमोर बसून मी जबाब लिहिला. सुमन नत्थू मेश्राम हिची जन्मतारीख नोंदवताना माझ्याकडून चूक झाली, पालकाने खरं वय सांगितलं होतं, दोष सर्वस्वी माझा आहे. त्यांनी वाचलं आणि बोट ठेवून म्हणाले, "इसके नीचे एक लाइन और लिखिए. बाकी सब प्रविष्टियाँ सही हैं. तभी मैं दस्तखत करूँगा."

मी लेखणी दौतीत बुडवली. बाहेर पाढ्यांचा आवाज चालू होता. कालच एका म्हाताऱ्याने मला शिकवलं होतं की नोंद म्हणजे काय, आणि आज एक खोटी नोंद सुधारण्यासाठी मला त्याहून मोठं खोटं लिहायचं होतं. पण ते नाही लिहिलं तर सुमनही गेली आणि बाकीचेही. मी लिहिलं. 'याच पानावरील इतर सर्व नोंदी माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहेत.' खाली पूर्ण नावाची सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

मॅट्रनसमोर पोहोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. त्यांनी नक्कल वाचली, शिक्का बघितला. मग जबाब वाचला. दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "बाकी सब सही है?"

टेबलावर ते चार-पाच अर्ज तसेच पडलेले होते, सगळे एक जुलैचे.

"जी, सही है," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं.

त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी कागद घडी करून अर्जाला लावला आणि सुमनचं नाव यादीत लिहिलं. रविवारी पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. सुमनच्या आईने मामाला सांगितलं, "माही पोरगी सोमवारी होस्टेलात जाऊन राहिली." आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाचं ऐकलं नाही.

मला वरून लेखी ताकीद आली, रजिस्टर माझ्याकडून काढून घेतलं. हेडमास्तरीण व्हायला मला इतरांपेक्षा सहा वर्षं उशीर झाला. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तीन वर्षांनी त्याच पानावरचा एक मुलगा माझ्याकडे आला, अशाच कामासाठी. त्याचंही वय मीच कमी लिहिलं होतं आणि तेच त्याला नडत होतं. पण मी तर सहीनिशी लिहून दिलं होतं की बाकी सगळं बरोबर आहे. मी त्याला नाही म्हटलं. तो नमस्कार करून गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हा अंक वाचत असेल तर त्याने मला माफ करावं, आणि नाही केलं तरी त्याचं बरोबरच आहे.

आता शेवटचं. मधल्या काळात माझं लग्न झालं होतं, आणि तो मुलगा परत गेला त्याच साली माझा पहिला मुलगा झाला, कारखान्याच्याच हॉस्पिटलात. सकाळपासून कळा येत होत्या. मी ओरडत होते, डॉक्टरला, आयांना, माझ्या नवऱ्याला, जो समोर नव्हताच. ड्यूटीवर सुमन होती. पांढरा कडक गणवेश, तोंडावर तोच न घाबरण्याचा भाव. "ओरडा बाई, खूप ओरडा. आम्हाले सवय हाये," म्हणाली. दुपारचा दोनचा भोंगा झाला आणि थोड्याच वेळात बाळ रडलं. मला वाटलं आता ती बाळ माझ्याकडे देईल. पण तिने आधी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे. दोन्ही जुळवून बघितलं आणि मगच नाळ कापली.

शेजारची आया लिहायला बसली होती. म्हणाली, "भोंग्याला झालं, दोन लिहिते."

"दोन नाई," सुमन म्हणाली. "दोन वाजून सात मिनिटं. सातच लिवा."

संध्याकाळी ती माझ्या खाटेशी आली. जन्माच्या नोंदीची नक्कल तिने स्वतःच्या हाताने लिहून, शिक्का मारून आणली होती. अक्षर माझंच, मीच तर गिरवून घेतलं होतं ते. तिने कागद माझ्या हातात दिला नाही, बाळाच्या दुपट्याच्या घडीत खोचला.

"शाळेत नाव घालाले न्यालं ना बाई, तं हा कागद संग न्याजा," ती म्हणाली. "अन् तारीख तुमी नका लिवजा."